सुखाची तक्रार

आमच्या घरात प्रत्येक गोष्टीला नाव होतं. नांगराचं जू वेगळं, इसाड वेगळं, रुमणं वेगळं, फाळ वेगळा. गाडीच्या आऱ्यांपासून धावेपर्यंत सगळं बाबांना तोंडपाठ होतं आणि ऐकून ऐकून आम्हा मुलींनाही. आय भाताची जात नुसत्या वासावरून सांगायची. म्हशीच्या कुठल्या आचळाला दुखतंय हे तिला धार काढताना बोटांना कळायचं, आणि ते ती भर ओटीवर, चार पुरुषमाणसं बसलेली असताना, मोठ्यानं सांगायची. बाईच्या अंगाचा मात्र एक टापू असा होता की त्याला आमच्याकडे नाव नव्हतं. शिव्या होत्या, आणि त्या बैलालाही द्यायचे, वाटेत आलेल्या दगडालाही द्यायचे. पण आईनं लेकीला किंवा बायकोनं नवऱ्याला साध्या आवाजात सांगता येईल असा शब्द नव्हता. पुढं मी फायनलची परीक्षा दिली, तेव्हा आरोग्यशास्त्राच्या पुस्तकात माणसाचं चित्र पाहिलं. त्या माणसाला जठर होतं, यकृत होतं, आणि पोटाखाली थेट मांड्याच होत्या. परीक्षकांनी आतड्यांची लांबी विचारली. ती मला अजून पाठ आहे. तिचा उपयोग मला आयुष्यात कधी झाला नाही.

माझी नात डॉक्टर आहे. ती हे सगळं स्टेशनांची नावं घ्यावीत, आसनगाव, आटगाव, खर्डी, तितक्या सरळपणे म्हणते. परवा तिनं मला कागदावर चित्र काढून दाखवलं. बाईला सुख होतं ते मुख्यतः जिथून, तो अवयव वरच्या बाजूला असतो, दिसतो तो वाटाण्याएवढा, बाकीचा आत पसरलेला. त्याला दुसरं काही काम नाही, मूल होण्याशी त्याचा संबंध नाही, तो नुसता सुखासाठी असतो. ‘शिश्निका’ म्हणतात, म्हणाली. मी म्हटलं, म्हणजे पुरुषाच्या अवयवाचं नाव घेऊन त्याला बारकं करून इथं बसवलंय. इथंही बाईचं स्वतःचं काही नाही. ती हसली. मग तिनं सांगितलं की पुष्कळ बायकांना नुसत्या संगानं सुख मिळत नाही, बाईचं अंग तयार व्हायला वेळ लागतो, तो दिला नाही तर दुखतं, आणि यात आजार काही नसतो. हे तिनं इतक्या सहज सांगितलं की मी चष्मा पुसायला घेतला. तिला वाटलं, म्हातारीला लाज वाटली. मला माझी थोरली बहीण आठवत होती.

तिचं नाव चांगुणा. मी तिला ताय म्हणायची. सिद्धगडाच्या पायथ्याशी, मुरबाड तालुक्यात आमची वाडी. बाबा तिथले पोलीस पाटील. वाडीत गुन्हे होत नसत, त्यामुळे त्यांचा बराचसा वेळ पितळी बिल्ल्याचा पट्टा चिंचेनं घासण्यात जाई. तो पट्टा चढवला की त्यांचा आवाज दोन पट्ट्या खाली उतरे आणि ते आयलाही ‘सदर बाई’ म्हणतील की काय असं वाटे. माणूस मनानं मऊ होता. तायचं लग्न आमच्या मानानं फार उशिरा झालं. एक जमलेलं मोडलं, मग घरात एकामागून एक सुतकं आली, आणि विशी उलटल्यावर ती उजवली गेली. बायका तिला घोडनवरी म्हणत. ती त्यांच्यातच बसून हसे. तायचं हसणं म्हणजे उखळात मुसळ पडावं तसं, एका लयीत, आणि थांबवू म्हटलं तरी दोन-चार ठोके पुढं जाणारं. लग्नानंतर पहिल्या सणाला ती माहेरी आली तेव्हा नाचणीची भाकरी आणि अंबाडीची भाजी तिच्यापुढं होती, तिच्या आवडीची. ती नुसती कुस्करत बसली. आयनं विचारलं, सासू छळते काय? नाही. नवरा मारतो काय? तर ती म्हणाली, “नाय गो, लई चांगला हाय.” आणि रडायला लागली.

सासर खर्डीच्या अलीकडे, रेल्वे रुळापासून हाकेच्या अंतरावर. घर एकखणी, मागं गोठा. सासू-सासरे, धाकटा दीर, लग्नाच्या दोन नणंदा, सगळी एका छपराखाली. नवरा-बायकोला पडवीत कुडाच्या आडोशाला जागा. कुडातून सासऱ्यांचा खोकला ऐकू येई, म्हणजे इकडचं तिकडंही जात असणार. त्यामुळे जे काही व्हायचं ते चोरी केल्यासारखं, श्वास धरून, झटपट. आणि तायला दुखायचं. इतकं दुखायचं की सूर्य कलायला लागला की तिचे हात गार पडत. तिनं आयला एवढंच सांगितलं. आय म्हणाली, बाईच्या जातीला सोसावं लागतं, लेकरू झालं की मोकळं होतं. आयनं स्वतः तेच केलं असावं. दुसरं काही तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. लेकरू काही झालं नाही. मग सासूनं तिला भगताकडे नेलं. त्यानं तांदूळ टाकून पाहिले आणि हिला वारा लागलाय, हा वारा नवऱ्याला जवळ येऊ देत नाही, असं निदान केलं. एक कोंबडा आणि एक नारळ गेला. वाऱ्याला बहुधा दोन्ही आवडले नाहीत.

मी तेव्हा शहापूरला मुलींच्या शाळेत शिकवत होते. आमच्या जातीतली नोकरी करणारी मुलगी म्हणून लोक मला पाहायला यायचे आणि मी दिसायला इतर बायकांसारखीच निघाले की थोडे हिरमुसून परत जायचे. ते लढाईचे दिवस होते. रॉकेल मिळत नव्हतं, व्याख्यानं मात्र पोटभर मिळत होती. एकदा मुंबईहून एक सुधारक ‘वैवाहिक सुख’ या विषयावर बोलायला आले. दारावर पाटी होती, ‘फक्त पुरुषांसाठी’. आमच्या शाळेच्या हेडमास्तरांनी पुढच्या रांगेत बसून दोन तास ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरावरून जाताना मी त्यांच्या बायकोकडे जरा निरखून पाहिलं. तिच्यात काही फरक दिसला नाही.

तायचे यजमान, गणपत भावोजी, रेल्वेत चावीवाला होते. रोज सकाळी खांद्यावर लांब दांड्याची हातोडी टाकून उंबरमाळीच्या बाजूला आपल्या वाटणीच्या रुळावरून चालत जायचं, रूळ धरून ठेवणारी लोखंडी चावी सैल झाली असेल तर ठोकून घट्ट करायची, रुळावर हातोडी टेकवून आवाज ऐकायचा, तडा असेल तर ओळखायचा. बोलणं कमी. विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायचं, आणि ते खरं द्यायचं, ही त्यांची सवयच होती. तडा असताना नाही म्हटलं तर गाडी उलटते. भगताचं प्रकरण झाल्यावर त्यांनी साहेबाच्या मागं लागून खर्डीला लाइनीजवळची एक खोली मिळवली आणि तायला तिकडे नेलं. सासू म्हणाली, वारा तिकडेपण जाईल. खोली दहा पावलांत संपत होती, पण तिला दार होतं आणि दाराला आतून कडी होती. आमच्या सगळ्या नात्यागोत्यात आतून कडी लावता येईल अशी ती पहिली खोली असावी.

पुढच्या हिवाळ्यात मी आसनगावहून पॅसेंजर धरून त्यांच्याकडे गेले. रविवार होता. भावोजी कोणा जोडीदाराला भेटायला गेले होते. ताय दारात बसून तांदूळ निवडत होती, आणि मी अजून रूळ ओलांडत होते तेव्हाच मला तिचं हसणं ऐकू आलं. शेजारणीशी काहीतरी चाललं होतं. मी थांबले. ते मुसळ पुन्हा उखळात पडत होतं. जेवायला वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी केली होती, वर सुकटाची चटणी. ती माझ्याबरोबर बसली आणि माझ्यापेक्षा जास्त जेवली. मग भांडी घासताना, माझ्याकडे पाठ करून, तिनं मला सगळं सांगितलं. तोंड दिसत नसलं की बाईला बरंच बोलता येतं.

एके दुपारी, सुट्टीच्या दिवशी, भावोजींनी तिला विचारलं होतं, दुखतं काय म्हणून. लग्नाला इतका काळ झाला होता, आणि हे तिला पहिल्यांदा कोणी विचारत होतं. ती हो म्हणाली आणि रडली. ते उठून बाहेर गेले आणि रुळाकडे पाहत बसले. तिला वाटलं, आता हा मला माहेरी धाडणार. ते परत आले आणि म्हणाले, मग राहू दे. आणि खरोखर राहू दिलं, महिना झाला, दोन झाले. नुसते शेजारी पडून बोलत. आपण रूळ कसा तपासतो ते त्यांनी तिला सांगितलं. हातोडी जोरात हाणली तर काही कळत नाही, सगळाच लोखंडाचा आवाज येतो. हलकी टेकवायची आणि ऐकायचं. “मंग मलाच वाटलं,” ताय म्हणाली, “ह्यो इतकं ऐकतंय तर सांगावं.” पण सांगायला आधी तिला स्वतःला तरी माहीत हवं होतं. ते तिनं शोधलं. नहाताना, एकटी असताना, भीत भीत, आपल्याच अंगात चोरासारखी हिंडत. कुठं दुखतं आणि कुठं दुखत नाही. कुठं नुसतं दुखत नाही एवढंच नाही, तर आणखी काही होतं. मग एके दिवशी तिनं त्यांचा हात धरला आणि दाखवलं.

“मला वाटलं मी मरतंय काय,” ती म्हणाली. “मंग कळलं, मरत नाय.” आणि पुन्हा ते हसणं.

त्या जागेला नाव नव्हतं, म्हणून त्या दोघांनी आपसात एक नाव ठेवलं होतं. ते तिनं मला सांगितलं. मी ते इथं लिहीत नाही. ते त्यांचं होतं. एवढं सांगते की ते नातीच्या नावापेक्षा चांगलं होतं. मी विशीतली, अविवाहित, पोथ्यापुस्तकं वाचलेली बाई. परतीच्या गाडीत खिडकीशी बसून मी विचार करत राहिले की भाताच्या आवणीच्या वेळी चिखलात उभ्या राहून आमच्या बायका किती चावट गाणी म्हणतात, पुरुषांची कशी रेवडी उडवतात, हसून हसून वाकतात. त्या गाण्यांत सगळं होतं. ही एक साधी माहिती तेवढी नव्हती.

पुढच्या वर्षी कापणी-झोडणीला ताय सासरी गेली. दिवाळी होऊन गेली होती. खळ्यावर बायका पेंढ्या झोडत होत्या. मधेच उन्हाचा आडोसा धरून बसल्या असताना तिची धाकटी जाऊ, सखू, तिच्या कानाशी लागून रडली. लग्न होऊन वर्ष झालं होतं, वय विशीपुढचं, आणि जागा तीच, कुडाच्या आडोशाची. तिलाही तेच. वारा वगैरे काही नाही गो, ताय म्हणाली. आणि तिनं तिला सगळं सांगितलं, कुठं, कसं, किती धीरानं. म्हणाली, “त्याचा हात धर नि दाखव. सांगितल्याबिगर त्याला कसं कळल?” ताय अशीच होती. कोणाचं गळू असलं तरी औषध सांगायला ती तीन घरं ओलांडून जायची.

सखूनं नवऱ्याचा हात धरला. तो भावोजींचा भाऊ होता, पण भावोजी नव्हता. त्यानं हात झटकला आणि विचारलं, हे तुला कोणी शिकवलं? सखूनं घाबरून तायचं नाव घेतलं. सकाळपर्यंत ते सासूच्या कानावर गेलं. आणि मग सगळ्या घराला एकच प्रश्न पडला: तिला कोणी शिकवलं? ही तर तीच सून, जिला नवरा जवळ नको होता, जिच्यासाठी कोंबडा गेला. अशी बाई खर्डीला जाते, नवरा दिवसभर रुळावर, स्टेशनात परगावची माणसं, गाडीतून सोल्जर जातात, आणि ती परत येते ती हे शिकून. सासू वाईट बाई नव्हती. तिनं तिच्या परीनं हिशेब मांडला होता. बाईच्या अंगात सुख असतं आणि ते बाईला आपलं आपण सापडू शकतं, ही गोष्ट त्या हिशेबात धरायला तिला कुठून सुचणार?

तायला आमच्याकडे पाठवून दिलं आणि मागून निरोप आला की जातीचे पंच बसणार आहेत. मी शहापूरहून रजा काढून आले. भावोजी दोनदा येऊन गेले होते. बाबांनी त्यांना ओटीवर बसवलं, चहा दिला, आणि दोघं भाताच्या पिकावर बोलले. पंचांपुढं बाईची बाजू बापानं किंवा भावानं मांडायची असा रिवाज होता. भाऊ आम्हाला नव्हता. म्हणजे बाबांना सांगणं आलं. तायनं आयला माझ्यादेखत सगळं सांगितलं होतं. आयनं ते खाली मान घालून ऐकलं. माझ्याकडे पोथीतला एक संस्कृत शब्द होता, रतिसुख. तो बाबांना कळला नसता. जो कळला असता तो लेकीनं बापापुढं उच्चारायचा नव्हता. मग आय उठली आणि गोठ्यात बाबांकडे गेली. बऱ्याच वेळानं परत आली. मी विचारलं, काय सांगितलंस?

“पोरगी सुखात होती म्हनून सांगितलं.”

एवढंच? मी म्हटलं.

“आनखी काय सांगू?” आय म्हणाली. “कशानं सांगू?”

पंच तायच्या सासरच्या गावात, देवळापुढच्या पारावर बसले. सकाळची वेळ, गवतावर अजून दव होतं. पंच बसवणं हे मोठं देखणं काम असतं. आधी घोंगड्या अंथरायच्या, मग मानाप्रमाणे बसायचं, मग कोणाची घोंगडी कोणापेक्षा पुढं आली यावरून थोडी कुरबुर, मग पान, मग तंबाखू, मग भावकीतल्या एका म्हाताऱ्याचा रुसवाफुगवा काढणं. मोठे पंच खादीची टोपी घालून आले होते. मागच्या महिन्यात मुरबाडच्या सभेत त्यांनी स्वातंत्र्यावर भाषण केलं होतं, आणि ते चांगलं झालं होतं असं मला दोघा-तिघांनी सांगितलं होतं. बायका पलीकडे, आंब्याखाली, पाठ अर्धी वळवून बसल्या. ताय माझ्या आणि आयच्या मधे. तिनं पदर दातात धरला होता. तिला घरी जायचं होतं, त्या कडीच्या खोलीत, एवढंच. आदल्या दिवशी घरून निघताना तिनं भावोजींसाठी नव्या भाताचे पोहे फडक्यात बांधून घेतले होते. तिला वाटत होतं, दुपारपर्यंत हे संपेल आणि तिथूनच ती त्यांच्याबरोबर खर्डीला जाईल.

तक्रार वाचायला कागद नव्हता. सासऱ्यांनी ती तोंडी सांगितली, आणि इतक्या आडून सांगितली की एका पंचाला वाटलं, सुनेनं घरातलं काही चोरलंय. त्याला शेजाऱ्यानं कानात समजावलं, तेव्हा तो दचकून सरळ बसला. मग बाबा उठले. पट्टा चढवून आले होते. त्यांनी घसा खाकरला, खालच्या पट्टीतला आवाज लावला, पण तो लागेना. ते म्हणाले, आमच्या पोरीच्या हातून काही वावगं झालेलं नाही. जावईबापूंच्या घरी तिला काही कमी नव्हतं. “पोरगी सुखात होती,” ते म्हणाले.

मोठे पंच म्हणाले, “तीच तर तक्रार हाय, पाटील.”

पारावर हसू पसरलं. बाबा उभेच होते. आपण काय बोललो हे त्यांना कळलेलं नव्हतं. मग कोणीतरी त्यांना धोतराला धरून खाली बसवलं.

मग भावोजींना उभं केलं. ते रुळावर उभे राहत तसे उभे राहिले, पाय जरा फाकून, डोळे समोर. मोठ्या पंचांनी विचारलं, तुझ्या बायकोनं भावजयीला जे सांगितलं ते तुला ठाऊक आहे काय? हो. तुमच्यातही तसंच आहे काय? हो. मला वाटलं, आता सुटलं. आता त्यांनी म्हणायचं, मीच शिकवलं. पुरुषानं शिकवलं म्हटलं की विषय संपत होता. पंच जरा खाकरले असते, दोघांनी त्यांच्याकडे थोड्या आदरानंही पाहिलं असतं. तायनं माझं मनगट धरलं होतं.

“तिला तू शिकवलंस?”

“नाय,” भावोजी म्हणाले. “तिनंच मला शिकवलं.”

ते अभिमानानं बोलले. मी त्यांचं तोंड पाहत होते म्हणून सांगते. आपल्या बायकोचं कौतुक चार माणसांत करायची त्यांना पहिल्यांदाच संधी मिळाली होती, आणि ते खरं होतं, आणि खरं सांगितलं की गाडी नीट जाते असा त्यांचा आजवरचा अनुभव होता.

“आनि तिला कोनी शिकवलं?”

“कोनी नाय. तिचं तिलाच कळलं.”

पारावर कोणी हसलं नाही. एक म्हातारा हळूच म्हणाला, असं कुठं असतं काय? आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. असं कुठं असतं? भात कोणी शिकवल्याशिवाय लावता येत नाही, म्हैस दाखवल्याशिवाय दुहता येत नाही. बापानं सांगितलं पोरगी सुखात होती. नवऱ्यानं सांगितलं मी शिकवलं नाही. आणखी साक्षीपुरावा कशाला हवा? इतका सरळ निवाडा त्या पारावर कित्येक वर्षांत झाला नसेल. काडी मोडायची, नाहीतर घर वाळीत. लग्नाला आलेल्या भावोजींच्या दोन बहिणी समोर बसल्या होत्या. वाळीत टाकलेल्या घरातली मुलगी कोण करणार?

खळ्यावरून पेंढ्याची एक काडी आणली आणि भावोजींच्या हातात दिली. ते ती धरून बसले. मोठ्या पंचांनी मोड म्हटलं. ते बसून राहिले. सासरे हात जोडत होते, सासू रडत होती, सखू आंब्याच्या मागं जाऊन उभी राहिली होती. ऊन चढलं. तंबाखू संपला. शेवटी ताय उठली. तिनं पदर दातातून सोडला आणि आंब्याखालूनच, जेवायला वाढलंय असं सांगावं त्या आवाजात म्हणाली, “मोडा आता. मानसं उपाशी बसलीत.”

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग काडी मोडायला गेले, तर ती मोडेना. नव्या भाताचा पेंढा, आतून अजून ओला; नुसता वाकत होता. त्यांनी दोनदा वाकवला. तेव्हा एका पंचानं देवळाच्या गवती पाख्यात हात घालून जुनी वाळकी काडी काढली आणि दिली. ती मोडल्याचा आवाज आम्हाला बायकांत ऐकू आला नाही. पुरुष उठायला लागले, त्यावरून कळलं.

घरापर्यंतची वाट लांब होती. आय पुढं, डोक्यावर तायचं बोचकं. मागं ताय, मग मी. बाबा सर्वांच्या मागं. मधेच त्यांनी पट्टा काढून गुंडाळून काखेत धरला. ओढ्याशी आम्ही पाणी प्यायला थांबलो. तायनं फडकं सोडलं आणि पोहे आम्हा सगळ्यांना वाटले. ते खाण्याशिवाय दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. बाबा माझ्या शेजारी येऊन बसले आणि हळू आवाजात म्हणाले, “मी काय चुकीचं बोललो गो?”

नाय बाबा, मी म्हटलं. तुमी खरं तेच बोललात.

भावोजींनी बदली मागून घेतली, घाटाच्या वर, इगतपुरीच्या बाजूला. त्यांच्या दोन्ही बहिणींची लग्नं झाली. भावोजींचंही पुन्हा करून दिलं असं कानावर आलं, पण त्यांना मी नंतर कधी पाहिलं नाही. सखू त्याच घरात राहिली, कुडाच्या आडोशाला. तिला चार मुलं झाली. तायचा दुसऱ्या वर्षी पाट लावला, आमच्याच बाजूला, सिद्धगडाच्या कुशीतल्या एका विधुराशी. शेत बरं होतं, माणूस निर्व्यसनी होता, तिच्यावर त्यानं कधी हात उगारला नाही. आय म्हणाली, पोरीचं नशीब उघडलं. मुलं झाली, एकापाठोपाठ एक. मग मोठं घर, मोठी गुरं. तिचा आवाज जरा बसका झाला. हसायची ती, पण लगेच थांबायची. थांबवल्यावर पुढं जाणारे ते दोन-चार ठोके मला नंतर कधी ऐकू आले नाहीत.

मी पुढं लग्न केलं, ते उशिरा आणि माझ्या मनानं. तो विषय इथला नाही. एवढं म्हणते की आमच्या घरात दोघांनाही तोंड होतं, आणि ते वापरायला मी तायच्या जिवावर शिकले होते. हे ओझं मला कधी हलकं करता आलं नाही. एकदा, तिची मोठी मुलगी लग्नाला आली होती तेव्हा, मी दोन दिवस तिच्याकडे राहायला गेले. दुपारी आम्ही परड्यात बसून ओले पावटे सोलत होतो. पोरं बाहेर गेली होती, घरधनी शेतावर. इतक्या वर्षांत जे बोलले नव्हते ते मी त्या दिवशी बोलले. म्हटलं, ताय, हे इथले भावोजी कधी विचारतात काय तुला?

“इचारतात ना,” ती म्हणाली. “भात शिजला काय, गुरं पाजलीस काय.”

तिनं शेंग सोलली, दाणे टोपलीत टाकले.

मी म्हटलं, आणि तू कधी सांगितलं नाहीस?

“नाय गो.” तिनं पुढची शेंग घेतली. “येकदा सांगितलं, तवा येक घर गेलं. ह्या घरात आता पोरं हायत.”